सदोष करडू आणि पहिले शील
(अभ्यासवर्गासाठी पाठ)



पंचशीलातील पहिले शील आपण सर्वजण विहारात एका सुरात म्हणतो. म्हणताना ते सोपे वाटते, कारण त्या वेळी आपल्यासमोर कोणताही प्राणी तडफडत नसतो. शीलाची खरी परीक्षा विहाराबाहेर होते. अशाच एका परीक्षेचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

समजा, घरची शेळी व्याली. दोन करडे झाली. एक धडधाकट आहे, उड्या मारते आहे. दुसऱ्याची टाळू फाटलेली आहे. ते आचळ तोंडात धरते, परंतु दूध नाकातून बाहेर येते, ठसका लागतो, श्वास घुसमटतो. घरात तीन उत्तरे ऐकू येतात. घरधनी म्हणतो, "टाकून या रानात." शेजारी म्हणतो, "मारून टाका, सुटेल बिचारे." आजी म्हणते, "हात लावू नका, त्याचे जे व्हायचे ते होईल." तिघांपैकी कोणीही दुष्ट नाही. पण तिघांनीही करडाला हातात घेऊन नीट पाहिलेले नाही. उत्तर आधी आले आणि पाहणे राहून गेले. तथागतांनी आपल्याला नेमके याच्या उलट शिकविले आहे: आधी दुःख पाहा, मग त्याचे कारण पाहा, मग त्यावरील उपाय पाहा.

१. हा प्रश्न कोणाच्या दारात येतो?

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १४ कोटी ८९ लाख शेळ्या होत्या. त्यांपैकी सुमारे १ कोटी ६ लाख आपल्या महाराष्ट्रात होत्या. शेळीला 'गरिबाची गाय' म्हणतात ते उगीच नव्हे. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याच्या दारात शेळी असते. आपल्या समाजातील कित्येक मुलांच्या वह्या-पुस्तकांचा आणि परीक्षा फीचा खर्च आईने विकलेल्या बोकडातून निघालेला आहे.

बँकेच्या कामात शेळीगटाच्या कर्जाचे कागद नजरेखालून जातात. दहा शेळ्या व एक बोकड असा गट असतो आणि परतफेडीचा सगळा हिशेब करडांच्या विक्रीवर मांडलेला असतो. त्या हिशेबात फाटलेल्या टाळूच्या करडाला रकाना नाही. म्हणून सदोष करडू जन्मले की त्या घरात दुःखाबरोबर तोट्याचीही भावना येते. हे आपण समजून घेतले पाहिजे. हातावर पोट असणाऱ्या माऊलीला शहरात बसून करुणेचे धडे देणे सोपे आहे. तिचा एक दिवसाचा रोज बुडतो तेव्हा काय होते, हे विसरून केलेला उपदेश पोकळ असतो.

२. दोष का येतो?

खेड्यात आजही विचित्र करडू जन्मले की 'अशुभ' म्हणून बोभाटा होतो. कोणी त्याला देवाचा अवतार म्हणून हळदकुंकू वाहतात, तर कोणी विघ्न टळावे म्हणून मारतात. दोन्ही प्रकार अज्ञानाचेच आहेत. बुद्धाने सांगितलेला कार्यकारणभाव येथेही लागू पडतो. कारणाशिवाय काही घडत नाही, आणि ते कारण शोधता येते.

याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. १९५० च्या दशकात आयडाहो राज्यात कपाळाच्या मध्यभागी एकच डोळा असलेली कोकरे जन्माला येऊ लागली. मेंढपाळ हवालदिल झाले. शास्त्रज्ञांनी काही वर्षे खपून शोध घेतला, तेव्हा असे आढळले की मेंढ्या गाभण राहिल्यानंतर चौदाव्या दिवसाच्या सुमारास डोंगरातील एक विषारी वनस्पती खात होत्या. त्या काळात मेंढ्यांना त्या चराईपासून दूर ठेवताच हा दोष टळू लागला. तेथे कोणी शांत केली नाही की नवस बोलला नाही.

आपल्याकडील शेळ्यांतही अशी कारणे असतात. एकच बोकड वर्षानुवर्षे ठेवल्याने त्याच्याच पोटच्या शेळ्या त्याच्यापासून गाभण राहतात व रक्तातील दोष वर येतात. म्हणून बोकड दर दोन वर्षांनी बदलावा, असे पशुवैद्य सांगतात. गाभण शेळीच्या आहारात तांब्यासारखा क्षार कमी पडला तर करडाच्या मागच्या पायांत बळ राहत नाही. काही विषाणू आणि काही औषधेही गर्भाला अपाय करतात. म्हणजे सदोष करडू हे कोणाच्या पापाचे फळ नव्हे. ज्या समाजाला शेकडो वर्षे 'जन्मानेच दोषी' ठरविण्यात आले, त्या समाजाने तरी कोणत्याही जिवाचे मोल त्याच्या जन्माच्या आकारावरून ठरवू नये.

३. सगळे दोष सारखे नसतात

येथे थोडी माहिती करून घेणे आवश्यक आहे, कारण माहितीअभावी वाचणारी करडेही मारली जातात.

(अ) पुढचे पाय गुडघ्यात किंवा घोट्यात मुडपलेले असणे. शिरा आखडल्याने असे होते. दिसायला भयंकर दिसते, पण अशी पुष्कळ करडे सुधारतात. पाय दिवसातून अनेकदा हळूहळू ताणावा व कापसाची गादी देऊन खपच्या बांधाव्यात. कातडी सोलवटू नये म्हणून त्या रोज सोडून पुन्हा बांधाव्यात. काही दिवसांत करडू टाचा टेकू लागते.

(आ) पापणी आत वळलेली असणे. केस डोळ्याला घासतात, पाणी येते, डोळा पांढरा पडू लागतो. पशुवैद्य साध्या टाक्याने पापणी बाहेर वळवू शकतात. यासाठी जीव घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

(इ) गुदद्वार नसणे. करडू दूध पिते, पण पहिली काळी विष्ठा बाहेर पडत नाही. ते कुंथते, पोट फुगते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दूध सोडते. वरचा केवळ कातडीचा पडदा असेल तर छोट्या शस्त्रक्रियेने मार्ग मोकळा होतो. आतडेच आत बंद असेल तर काम कठीण असते. येथे एकेक तास मोलाचा असतो.

(ई) जन्मतः अंध असणे. असे करडू आईच्या आवाजावर आणि वासावर चालते. कळपात सोबत मिळाली, पाणी व चारा एकाच जागी ठेवला, तर ते बरे जगते.

(उ) टाळू मोठ्या प्रमाणात फाटलेली असणे, डोक्यात पाणी साचून चोखताच न येणे, कणा वाकून मागचे अंग लुळे असणे. हे दोष गंभीर आहेत. फाटलेल्या टाळूत दूध फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. बहुतेक वेळा येथेच तो अवघड निर्णय समोर उभा राहतो.

आणखी एक गोष्ट. अशक्त दिसणारे प्रत्येक करडू सदोष नसते. कित्येकदा ते केवळ थंडीने गारठलेले व उपाशी असते. अंग गार असेल तर आधी ऊब द्यावी, मग चीक पाजावा. जन्मानंतर शक्यतो पहिल्या दोन तासांत चीक पोटात गेला पाहिजे, आणि पहिल्या २४ तासांत वजनाच्या सुमारे दहा टक्के, म्हणजे २ किलोच्या करडाला सुमारे २०० मिलिलिटर, तोही थोडाथोडा. ज्याला गिळता येत नाही त्याच्या तोंडात मात्र दूध ओतू नये.

४. धम्म काय सांगतो?

जुन्या अट्ठकथांत प्राणिहत्येची पाच अंगे सांगितली आहेत: समोर जिवंत प्राणी असणे, तो जिवंत आहे याची जाणीव असणे, मारण्याची इच्छा असणे, त्यासाठी प्रयत्न करणे, आणि त्या प्रयत्नाने मृत्यू घडणे. यांतील तिसरे अंग मनाचे आहे. चेतना हेच कर्म, हा तथागतांच्या शिकवणुकीचा गाभा आहे.

मग करुणेने मारले तर? परंपरागत थेरवादी मत येथे कडक आहे. दयेपोटी घेतलेला जीवही घेतलेलाच जीव, असे ते मानते. विनयपिटकात एक प्रसंग आहे. काही भिक्खूंनी एका आजारी भिक्खूला करुणेपोटी मरणाची महती सांगितली आणि त्याने प्राण सोडला. त्यांचा हेतू दयेचा असूनही तो अत्यंत गंभीर असा पाराजिक दोष ठरविण्यात आला. पशूला जाणून मारणाऱ्या भिक्खूलाही दोष लागतो, मात्र तो पाचित्तिय म्हणजे त्या मानाने हलका आहे. दोन्ही दोष आहेत, पण दोहोंचे वजन एक नाही.

त्याच विनयात आणखी एक प्रसंग आहे. सापळ्यात अडकलेल्या जनावराला एका भिक्खूने करुणेने सोडून दिले. सापळा दुसऱ्याचा होता, म्हणजे चोरीचा प्रश्न होता. परंतु हेतू करुणेचा असल्याने त्याला दोष लागला नाही. कूटदंत सुत्तातही यज्ञासाठी आणलेल्या शेकडो जनावरांना, त्यांत शेळ्यांनाही, शेवटी मुक्त केले जाते. बुद्धाच्या करुणेची पहिली धाव जीव वाचविण्याकडे आहे, हे यावरून ध्यानात येते.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अहिंसेचा फार मोलाचा खुलासा केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, तो आंधळा नियम नव्हे, असे ते सांगतात. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. नियम माणसाला बांधून टाकतो, तर तत्त्व त्याला विचार करायला लावते आणि त्याच्यावर जबाबदारी टाकते. पण हे वाक्य पळवाट म्हणून वापरू नये. 'गरज' हा शब्द कोणीही उच्चारू शकतो. ती खरोखर गरज आहे की आपली सोय आहे, हे स्वतःच्या मनाला विचारावे लागते. ज्या बाबासाहेबांनी तत्त्व आणि नियम यांतील भेद दाखविला, त्यांनीच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची व त्यांचे पालन करण्याची प्रतिज्ञाही घालून दिली आहे. दोन्ही एकत्र वाचल्या पाहिजेत.

कोणी विचारील, "रोज हजारो बोकड कापले जातात, आपणही मटण खातो, मग एका करडाचे एवढे काय?" प्रश्न प्रामाणिक आहे. मांसाहाराची चर्चा स्वतंत्र पाठाचा विषय आहे. पण इतके निश्चित की, दूर कुठेतरी घडणाऱ्या गोष्टीमुळे आपल्या मांडीवर धापा टाकणाऱ्या जिवाची वेदना कमी होत नाही. त्याची जबाबदारी आज आपल्यावर आहे.

५. १९२८ सालचे वासरू

या विषयावर आपल्या देशात एक मोठा वाद होऊन गेला आहे. गांधीजींशी आपले मतभेद सर्वश्रुत आहेत, तरीही अभ्यासकाने हे उदाहरण डोळ्यांआड करू नये. १९२८ साली साबरमती आश्रमातील एक वासरू असह्य वेदनांनी तळमळत होते. उपचार केले, पण डॉक्टरांनी आशा सोडली. कूस बदलतानाही त्याला यातना होत. गांधीजींनी आश्रमातील सहकाऱ्यांशी चर्चा केली. ज्याला जीव देता येत नाही त्याला तो घेण्याचा अधिकार नाही, असाही विरोध झाला. अखेर डॉक्टरांकडून सुई देऊन वासराला शांत मरण देण्यात आले. गांधीजींनी हे 'नवजीवन' व 'यंग इंडिया'तून जाहीर केले आणि त्यांच्यावर संतप्त पत्रांचा वर्षाव झाला.

विरोधकांचा युक्तिवाद टाकाऊ नव्हता. एकदा दयेच्या नावाने मारणे सुरू झाले की ते कोठे थांबणार, ही भीती खरी आहे. परंतु या घटनेत क्रम कसा होता, तो पाहावा: आधी उपचार, मग जाणकाराचे मत, मग चर्चा, मग वेदना कमीत कमी होईल अशी पद्धत, आणि शेवटी ती गोष्ट न लपविता उघडपणे सांगणे. निर्णय पटो वा न पटो, हा क्रम घेण्यासारखा आहे.

६. निर्णयाच्या पाच कसोट्या

पहिली: दुःख कोणाचे आहे? करडू वेदनेत आहे की त्याच्याकडे पाहून आपल्याला ओशाळल्यासारखे होते? अंध करडू पुष्कळदा मजेत असते, दुःखी आपण असतो. आपल्या मनाच्या सुटकेसाठी त्याचा जीव घेणे ही करुणा नव्हे.

दुसरी: उपाय तपासला काय? दोषाचे नाव कळल्याशिवाय निर्णय करू नये. तालुक्याच्या वा गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. नेणे शक्य नसेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करावी.

तिसरी: वेळ दिला काय? तीव्र यातना नसतील तर ऊब, चीक, खपच्या यांसाठी दोन-तीन दिवस द्यावेत. मात्र श्वास घुसमटत असेल, पोट फुगून करडू कण्हत असेल, तर 'बघू उद्या' म्हणणे हा क्रूरपणाच होय.

चौथी: जगले तर कसे जगेल? त्याला दूध पिता येईल काय? मलमूत्र होईल काय? उठता-बसता येईल काय? आईजवळ, कळपात राहता येईल काय? विकले जाईल काय, हा प्रश्न घरात येणारच, पण तो या चारांच्या नंतर यावा.

पाचवी: कृती कोण करणार आणि कशी? निर्णय मरणाचा ठरलाच तर तो पशुवैद्याच्या हातून, भूल देणाऱ्या औषधाच्या मोठ्या मात्रेने व्हावा. दगड, पाण्यात बुडविणे, पोत्यात बांधून फेकणे हे प्रकार कदापि नकोत. अशा औषधाने मेलेले जनावर खाऊ नये, कुत्र्या-गिधाडांसाठीही उघड्यावर टाकू नये, कारण औषधाचा अंश त्यांनाही मारतो. खोल खड्डा करून पुरावे.

आता सुरुवातीच्या तीन उत्तरांकडे वळू. 'मारून टाका' हे उत्तर या पाच कसोट्यांनंतर कधी कधी बरोबर ठरू शकते, आधी कधीच नाही. 'राहू द्या' हे उत्तर सेवेसह असेल तर थोर आहे, पण सेवेविना असेल तर ती केवळ उपेक्षा आहे. 'टाकून या' हे उत्तर मात्र कोणत्याच कसोटीवर टिकत नाही. आपल्या हाताला रक्त लागले नाही म्हणून आपण अहिंसक ठरतो, असे अनेकांना वाटते. पण रानात टाकलेले करडू उन्हाने, भुकेने आणि कुत्र्यांच्या तोंडी मरते. त्यात मारण्याचा हेतूही आहे आणि वेदनाही सर्वांत जास्त आहे. कायदाही हेच मानतो. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमानुसार, प्राणी उपासमारीने वा तहानेने तडफडेल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे. ज्याला जिवंत ठेवणेच क्रूरपणाचे ठरेल, अशा जनावराबाबत पशुवैद्याच्या दाखल्यावर निर्णय घेण्याची तरतूदही त्याच अधिनियमात आहे.

७. हे माप माणसाला लावू नये

विद्यार्थी मित्रांनी येथे विशेष सावध राहावे. करडाबाबत जे बोललो ते दिव्यांग बालकाला वा अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला लावणे हा घोर अनर्थ होईल. विनयानेच दोहोंत मोठा भेद केला आहे, हे आपण पाहिले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत अंथरुणावर होत्या. त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली कृत्रिम उपचार थांबविण्यास कठोर अटींवर वाट मोकळी केली आणि २०१८ च्या निकालाने ती अधिक स्पष्ट केली. पण औषध देऊन जीव घेण्यास मुभा दिली नाही. आणि अरुणाताईंच्या बाबतीत तर रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना जगू द्यावे असाच आग्रह धरला व चार दशके त्यांची शुश्रूषा केली. स्वतः तथागतांनी मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला आनंदाच्या मदतीने आपल्या हातांनी धुतले होते. त्या परंपरेशी या परिचारिकांचे नाते आहे.

८. आपण काय करू शकतो?

करुणेलाही पैसा आणि वाहन लागते. अनेक करडे दोषामुळे न मरता दवाखाना लांब असल्यामुळे मरतात. आपल्यासारख्या कल्याणकारी संस्थांनी गावातील दोन तरुणांना चीक पाजणे, खपच्या बांधणे, दोष ओळखणे एवढे शिक्षण पशुवैद्यांकडून मिळवून द्यावे. एक लहानसा निधी करडाला दवाखान्यात नेण्याच्या भाड्यासाठी ठेवावा. रक्कम मोठी लागणार नाही. गरीब माऊलीला 'मारू नको' असे सांगण्याचा अधिकार तिच्यासोबत दवाखान्यापर्यंत चालत जाणाऱ्यालाच आहे.

आणि सर्व करूनही जीव शांत करण्याची वेळ आलीच, तर ते पुण्य म्हणून मिरवू नये आणि पाप म्हणून लपवूही नये. त्याच्याजवळ बसावे, अंगावर हात ठेवावा, शेवटपर्यंत थांबावे. नंतर शेळी का अशी व्याली याचे कारण शोधावे, म्हणजे पुढच्या विताला तोच प्रसंग येणार नाही.

अभ्यासवर्गात चर्चेसाठी प्रश्न

१) मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतील फरक आपल्या पाहण्यातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.
२) 'टाकून देणे' ही हिंसा आहे काय? पाच अंगांच्या आधारे विचार करा.
३) १९२८ च्या वादात आपण असतो तर कोणती बाजू घेतली असती व का?
४) आपल्या गावापासून पशुवैद्यकीय दवाखाना किती अंतरावर आहे? तेथे कोणत्या वेळी डॉक्टर भेटतात? माहिती मिळवून वर्गात सांगा.

जयभीम!